अब्बा ऐकत नाहीत

३ जून, मंगळवार
दिवसभरात दोन पेशंट. एकाला फक्त सेल हवे होते. दुसरे गृहस्थ आले, खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. फोनवरून मागवलेलं कानाचं मशीन. "मॅडम, तुम्ही फक्त सेटिंग करून द्या." विचारलं, कान कुणी तपासला? "फोननेच. पाच मिनिटांत." मग सेटिंगही फोनकडूनच करून घ्या, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. कानात पाहिलं तर मळाचा बोळा. काढून घ्यायला डॉक्टरांकडे पाठवलं. जाताना म्हणाले, फोनने हे सांगितलं नव्हतं. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

दुपारी बाहेरच्या बाकावर कुणी नाही. पूर्वी या बाकावर जागेवरून भांडणं व्हायची.

६ जून, शुक्रवार
केतकीचा फोन. माझ्या हाताखाली तीन वर्षं शिकली, आता मोठ्या कंपनीत आहे, शहरभर त्यांची कानाच्या मशीनची काचेची दुकानं. त्यांना खडकीत जागा हवी आहे म्हणे आणि माझं क्लिनिक बरं वाटतंय. पाटी त्यांची. खाली बारीक अक्षरात माझं नाव. मी पगारी. तपासणी त्यांच्या पद्धतीने, संगणकावर. शब्दांची परीक्षासुद्धा रेकॉर्ड केलेल्या आवाजात.

"मॅडम, तुम्हाला दिवसभर घसा खरवडत बसायला नको."
म्हटलं, माझा घसा ठणठणीत आहे.

शब्द माणसाने म्हणायचे असतात. पेशंट थकला की थांबायचं, गांगरला की पुन्हा म्हणायचा. रेकॉर्डला काय कळतंय समोर कोण बसलंय. हे तिला मीच शिकवलं होतं. ती "हो मॅडम" म्हणाली, पूर्वी म्हणायची तसंच.

घरी सुहासला सांगितलं. निवृत्त झाल्यापासून धायरीच्या घरातलं स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात आहे. भाजी परतता परतता म्हणाला, "बारीक म्हणजे किती बारीक, ते विचारून घे. वाचायला चष्मा लागणार असेल तर तोही कंपनीनेच द्यावा."

उत्तर द्यायला महिनाभर मुदत आहे.

१० जून, मंगळवार
मुनीरचाचा येऊन गेले. चौदा वर्षं, दर जूनमध्ये. खडकी बाजारात पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान, वडिलांच्या वेळचं. लष्करातले लोक गिऱ्हाईक. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, हुद्दा चाचा स्वतः घालतात. अक्षर छापल्यासारखं. जन्मभर पत्रा ठोकून डावा कान कधीच गेला, उजव्यावर माझं मशीन. "माझं" लिहिलं. असू दे.

आधी शिट्ट्यांची तपासणी, किती हळू सूर ऐकू येतो ती. जरा घसरण आहे, तेवढा मशीनचा आवाज वाढवून दिला. मग शब्द. त्यांना आतल्या आवाजबंद खोलीत काचेपलीकडे बसवलं, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरला आणि माईकवर म्हणत गेले. माठ. सूप. वीट. दोर. काच. माझ्या सरांची यादी. मला कागद बघावा लागत नाही. ते मागून म्हणत गेले, स्वच्छ. पंचवीसपैकी तेवीस.

"पास?"
"पास," मी मान हलवली. दरवर्षीसारखा चहा मागवला. शब्द कळतायत म्हणजे कानाची नस शाबूत आहे, बाकी सगळं मशीन सांभाळून घेतं.

सून शबाना बरोबर होती. चाचा चपला घालत होते तेव्हा हळूच म्हणाली, "मॅडम, अब्बा ऐकत नाहीत हो." वय झालं की माणसं हट्टी होतात, मी म्हटलं. समोर येऊन बोल, सावकाश बोल, मागून हाका मारू नकोस. "मी समोरच असते, मॅडम." मग तिला कागदावरचा आकडा दाखवला. ऐकू येतंय त्यांना, हे बघ. लक्ष देत नसतील. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आणखी काही बोलणार होती बहुतेक. मी पुढच्या पेशंटला हाक मारली. पुढचा पेशंट म्हणजे पुन्हा सेलवाला.

१७ जून, मंगळवार
संध्याकाळी केतकी स्वतः आली. कंपनीचा निळा कोट अंगात. मला वाटलं, पाटीबद्दल. बसली, पाणी प्यायली, मग म्हणाली, "शबाना काल चाचांना आमच्याकडे घेऊन आली होती."

मला राग आला. शबानाचा, चाचांचा, हिचा. चौदा वर्षं, आणि जायचं काचेच्या दुकानात. म्हटलं, छान. विकलंस का महागातलं मशीन?

ती म्हणाली, "मॅडम, ऐकून तर घ्या."

त्यांच्या रेकॉर्डवर पहिला शब्द होता 'पेन'. चाचा म्हणाले, 'माठ'. दुसरा 'केस'. चाचा म्हणाले, 'सूप'. तिसरा 'भात'. 'वीट'. चौथ्याला केतकीने यंत्र थांबवलं. आत बसलेल्या चाचांना ते कळलंच नाही. कानात काही येत नसताना ते पुढे म्हणत राहिले. दोर. काच. बैल. तोफ. शेवटपर्यंत. मग तिच्याकडे बघून हसले आणि विचारलं, "पास?"

"तुमची यादी म्हणत होते, मॅडम. क्रमाने."

मी मूर्खासारखं विचारलं, तुमचे हेडफोन नीट आहेत ना? तिने मान खाली घातली. माझी एवढी हुशार पोरगी, तिलाच माझी लाज वाटली असावी.

तिच्या कंपनीच्या संगणकाने चाचांना सगळ्यात वरचं मॉडेल सुचवलं होतं. तिने विकलं नाही. तिथे तिला त्याबद्दल बोलणी बसणार.

१९ जून, गुरुवार
चाचांना बोलावून घेतलं. मशीन तपासायचंय, असा निरोप दिला. यादी कपाटात ठेवून कुलूप लावलं. वर्तमानपत्रातून पंचवीस शब्द काढून ठेवले होते. तोंडापुढे कागद. पहिला शब्द 'मीठ'.

"माठ," चाचा म्हणाले. यात अर्धा गुण द्यावा असं मला वाटलं, हे इथे लिहून ठेवते. दुसरा 'रंग'. "सूप."

दोन बरोबर आले. तेही योगायोगाने.

बाहेर आले तेव्हा माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. हसू गेलं त्यांचं. "नापास?" मी गुणांचा कागद उलटा ठेवला. ते उभे राहिले आणि म्हणाले, "माफ करा, मॅडम." मला. ते.

२१ जून, शनिवार
त्यांच्या दुकानात गेले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. क्लिनिकपासून पायी सात-आठ मिनिटं.

मोठ्या पॅडवर लिहिलं, 'यादी पाठ कशी झाली?' चाचा उठले, मागून एक जुनी ट्रंक ओढली आणि उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात पाच ओळी, ओळीत पाच शब्द. माठ सूप वीट दोर काच. नावं घालतात त्याच अक्षरात.

म्हणाले, "पहिल्या साली चौदा आले होते. तुमचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं. मॅडम एवढी मेहनत करतात आणि आपण चौदा." मग मीच त्यांना झेरॉक्स दिली होती म्हणे. घरी कुणाला तरी रोज हे म्हणायला सांगा, कानाला सवय होईल. कागद फाटायला लागला तेव्हा त्यांनी तो झाकणावर उतरवून घेतला. बायको, हमीदा, तिथे पाटावर बसून एकेक शब्द म्हणायची आणि चाचा पत्रा कापता कापता मागून म्हणायचे. "ती मास्तरीण होती माझी. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून." दुसऱ्या वर्षी एकोणीस. मग एकवीस. "तुम्ही किती खूश झाला होता. चहा मागवला."

मला आठवलं. सरांनी मला दोन याद्या दिल्या होत्या. एक तपासायची, एक सरावाची. बजावून सांगितलं होतं, तपासायची कधी हातातून सोडायची नाही आणि क्रम बदलत राहायचा. सरावाच्या प्रती संपल्या तेव्हा कधीतरी घाईत मी तपासायच्याच यादीची झेरॉक्स काढली. आणि क्रम बदलणं सोडून दिलं, कारण मलाही ती पाठ झाली होती. दर जूनमध्ये आम्ही दोघं काचेच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना पाठांतर म्हणून दाखवत होतो.

तिथे रडू आलं. चाचांनी शेजारून पाणी मागवलं. त्यांना वाटलं, उकाड्याने.

२५ जून, बुधवार
कानाच्या मोठ्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. सगळ्या तपासण्या झाल्या. आवाज पोचतो, पण शब्दांचा नुसता लगदा होतो. मशीन कितीही मोठं करा, लगदाच मोठा होणार. आता उपाय म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत इम्प्लांट बसवायचं. मी विचारलं, कितपत कळेल? डॉक्टर म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं. मेंदूला बोलणं ऐकायची सवय सुटली की अवघड होतं. आता प्रयत्न करू. वयही बघायला हवं." मग म्हणाले, "इतकी वर्षं शब्द कुणीच तपासले नाहीत?"

म्हटलं, मी तपासत होते. ते फाईल चाळायला लागले. सज्जन माणूस.

संमतीचा फॉर्म दिलाय. चाचा म्हणतात, विचार करतो.

२८ जून, शनिवार
शबानाला क्लिनिकवर बोलावलं आणि सगळं सांगितलं. झेरॉक्स, झाकण, क्रम, तीन वर्षं. मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पर्समधून कागद काढले. माझेच. गेल्या तीन वर्षांतल्या जूनचे, घडी घातलेले. बावीस, तेवीस, तेवीस.

"तुम्ही म्हणालात, ऐकू येतंय, लक्ष देत नसतील. मी घरी जाऊन तेच सांगितलं, मॅडम. मग आम्ही सगळे तेच धरून चाललो. मुद्दाम करतात. मी अब्बांवर ओरडलेय. मुलांसमोर."

मग हमीदाचं सांगितलं. त्या गेल्या डिसेंबरात वारल्या, हे मला माहीत होतं. शेवटचे पाच महिने अंथरुणावर. दुखण्यामुळे एकाच कुशीवर, तोंड भिंतीकडे. चाचा संध्याकाळी दुकानातून येऊन त्यांच्या पाठीशी खुर्ची घेऊन बसायचे. त्या बोलायच्या, चाचा उत्तर द्यायचे नाहीत. त्या पुन्हा बोलायच्या. ओठ दिसत नव्हते. घरात कुणाला शंका आली नाही, कारण पर्समध्ये माझा कागद होता.

"अम्मी मला म्हणायच्या, तुझे अब्बा आता माझं ऐकत नाहीत. मी आजारी पडले तर कंटाळले मला. मी समजूत काढायची. पण मलाही तसंच वाटायचं, मॅडम. गेल्या त्या तशाच गेल्या."

ऐकत नाहीत. हिने दहा तारखेला हेच म्हटलं होतं मला. तेव्हा मी त्यातला हट्ट ऐकला. माझा सगळा धंदा दुसऱ्या अर्थाचा, आणि मला तोच सुचला नाही.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मला नका मागू." जाताना दारात थांबली. "अब्बांना यातलं काही माहीत नाही. सांगायचं का, ते तुम्ही ठरवा. मला नाही सांगता येणार."

२९ जून, रविवार
सुहासला सांगितलं. त्याने गॅस बंद केला आणि समोर येऊन बसला. नेहमीचं काहीतरी बोलेल, असं वाटलं होतं. म्हणाला एवढंच, "तू सांगितलं नाहीस तर त्यांना कधी कळणार नाही. तुला मात्र ठाऊक असेल."

नाही सांगितलं तर चाचांचं काय बिघडतं? ऑपरेशन होईल किंवा होणार नाही. बायको शांतपणे गेली, एवढंच त्यांना माहीत राहील. सांगितलं तर मी मोकळी होईन आणि ते अडकतील. की हे सगळं माझ्याच सोयीचं? दोन्ही बाजूंनी सोयीचंच दिसतंय.

२ जुलै, बुधवार
जुन्या फायली काढून बसले. सरावाची झेरॉक्स नेलेले, दरवर्षी येणारे, गुण चढत गेलेले. आधी गुण चढले की फाईलवर चांदणी काढायची मी. आज त्याच चांदण्यांवरून फोन केले. नवे शब्द काढून तपासायला बोलावतेय. मांजरी गावचे एक काका आले, ठीक निघाले. घोरपडी भागातल्या बाई ठीक निघाल्या नाहीत. त्यांनाही डॉक्टरांकडे पाठवलं.

कंपनीच्या साहेबांचा फोन दोनदा. उचलला नाही. त्यांची परीक्षा बरोबर निघाली आणि माझी चूक. पण केतकी माझी यादी ओळखणारी होती म्हणून थांबली. दुसरं कुणी असतं तर चाचा वरचं मॉडेल कानात घालून घरी गेले असते. हे म्हणून समाधान करून घ्यावं तर तेही जमत नाही.

केतकीला मेमो मिळाला. "असू दे हो, मॅडम," म्हणाली.

५ जुलै, शनिवार
चाचांसाठी कागद लिहिला. चार वेळा. पहिल्यात यादीचं पुराण जास्त झालं. दुसऱ्यात माझं रडगाणं. तिसऱ्यात हमीदाचं सगळं आलं. फाडला. चौथा एवढाच:

'चाचा, गेली तीन वर्षं तुम्हाला बोलणं कळत नव्हतं. यादी पाठ होती म्हणून मला ते समजलं नाही. चूक तुमची नाही, माझी आहे. मी घरच्यांना सांगत राहिले की तुम्हाला ऐकू येतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.'

हमीदाचं नाव घातलं नाही. हिंमत झाली नाही, दुसरं काही कारण नाही.

८ जुलै, मंगळवार
दुपारी दुकानात गेले. शबानाही आली होती, मी कळवलं होतं. बाजूच्या दुकानात पत्रा ठोकणं चालू होतं, चाचा निवांत एका ट्रंकेवर कुण्या सुभेदाराचं नाव घालत होते. कुंचला धुतला, हात पुसले, चष्मा लावला, कागद घेतला.

दोनदा वाचला. मी तयारी करून गेले होते, रागाची आणि 'जाने दो मॅडम'चीही. त्यांनी कागद मांडीवर ठेवला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसले. मग शबानाकडे बघून नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं,

"म्हणजे हमीदा बोलत होती?"

मला काही कळेना. शबानालाही. तेच पुढे म्हणाले, "मला वाटलं, तिने बोलणं सोडलं. दुखण्याने असेल. नाहीतर माझ्यावर नाराज. मी म्हटलं, बोलायचं नसेल तर कशाला त्रास द्या. म्हणून मी पण गप्प बसायचो. नुसता बसायचो."

शबानाने मान हलवली. हो.

"रोज?"

हो.

शेजारचं ठोकणं थांबलं नाही. चाचांनी तोंडावरून हात फिरवला. मी उठायला लागले तर त्यांनी मला हातानेच बसवलं. मग माझ्या हातातलं पॅड घेतलं, पेन घेतलं, दोन्ही शबानापुढे ठेवलं.

"काय म्हणायची, लिही."

ती माझ्याकडे बघायला लागली. तिने एक ओळ लिहिली, थांबली. दुसरी लिहिली. मला वाचता आली असती, मी रस्त्याकडे बघत राहिले. चाचा तिच्या खांद्यावरून वाकून, ओळ पुरी व्हायच्या आधीच वाचत होते. मधे एकदा हसले. मग बराच वेळ हसले नाहीत. संमतीचा फॉर्म शबानाच्या पर्समधून अर्धा बाहेर आलेला, कोरा.

पान भरलं. शबानाने पेन खाली ठेवलं. चाचांनी पान उलटलं आणि पॅड पुन्हा तिच्यापुढे सरकवलं.